गोजरबाईच्या रानातलं तेरावं खळं

१

तीन हजार वर्षांपूर्वीचं थडगं आपल्या रानात पाच वर्षांपूर्वी आलं, असा अर्ज गोजरबाईनं केला होता. एक नाही, आठ. आठही अर्जांखाली डाव्या हाताचा अंगठा होता आणि आठांच्याही कोपऱ्यात लाल शाईनं शेरा होता, 'दखल घेण्यासारखे नाही.'

नववा अर्ज घेऊन ती स्वतःच औरंगाबादला आली आणि पुरातत्त्व खात्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर दोन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तातेराव जंजाळांना आत बोलावलं.

"जंजाळ, मुठाळखेडची ती वर्तुळं तुम्हीच मोजली होती ना? उद्या जा, परत मोजा. तेरा आहेत असं लिहून आणा. विषय संपवून टाकू."

तातेराव खात्यात आरेखक होते, म्हणजे नकाशे काढणारे. मूळचे वाटूरचे, वय चोपन्न. त्र्याऐंशी साली त्यांनी भोकरदन तालुक्यातल्या त्या माळावर साखळी धरून एकवीस दिवस मोजणी केली होती. माळावर मोठाल्या काळ्या दगडांची वर्तुळं होती. एकेकात पंधरा-वीस दगड, आणि मधली जमीन भाकरीसारखी किंचित फुगलेली. गावातले लोक त्यांना 'राकसाची खळी' म्हणत. राक्षसांनी इथं मळणी केली, असं त्यांचं म्हणणं. खरं तर ती थडगी होती. नुकतंच लोखंड वापरू लागलेल्या कुणा लोकांनी आपली माणसं तिथं पुरली होती. चार नंबरचं वर्तुळ तेव्हा चाचणीसाठी उकरलं, तर आत एका पोराची हाडं निघाली होती आणि हाडांच्या मनगटात तांब्याचं कडं. तातेरावांनी त्या कड्याचं चित्र काढलं होतं. मग सगळं पुन्हा जागच्या जागी झाकून टाकलं.

ब्याण्णव साली माळ संरक्षित म्हणून जाहीर झाला. वर्तुळापासून शंभर मीटरच्या आत खणायला बंदी आली. गोजरबाईची सरकारी योजनेतली विहीर आठ फूट खोल गेली होती, तेव्हा नोटीस आली आणि काम थांबलं. गोजरबाई विधवा होती. चार एकर कोरडवाहू रान, आणि मधोमध तो आठ फुटांचा खड्डा.

शहाण्णवच्या एप्रिलात तातेराव केदारखेड्याला एसटीतून उतरले आणि तीन कोस चालत माळावर पोचले. खाकी सदऱ्यातला एक उंच, वाळलेला माणूस सामोरा आला. त्यानं सलाम ठोकला.

"वळखलं का सायेब? मी बदरोद्दीन. तुमी मोजत व्हते तवा तुमची साखळी म्याच धरल्ती."

तातेरावांनी ओळखलं. बदरोद्दीन आता खात्याचा रोजंदारीवरचा पहारेकरी होता. बारा वर्षं तो हा माळ राखत होता. वर्तुळांमधलं गवत त्यानं हातानं उपटून काढलेलं दिसत होतं. तो पुढं चालत राहिला आणि नंबर बोलत राहिला. अकरा, बारा. मग बांध ओलांडून दोघं खाली गोजरबाईच्या रानात उतरले.

"आन् हे तेरा," बदरोद्दीन म्हणाला. मग त्यानं सूर्याकडं पाहिलं. "सायेब, माझी नमाजची येळ झाली. येतो जरासा."

सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता. पण तातेरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते तेराव्या वर्तुळाकडं पाहत होते. एकोणीस दगड, बरोबर. तरी काहीतरी चुकत होतं. त्यांच्या आठवणीतलं तेरावं खळं उंचावर होतं. तिथं बसून भाकरी खाताना खाली पूर्णेचं पात्र दिसायचं. इथून समोरचा बांधसुद्धा जेमतेम दिसत होता.

"मोजलं?" मागून आवाज आला. गोजरबाई पहार घेऊन उभी होती. "सगळे मोजूनच जातेत. तुमी येक दगड उचलून बघा, दादा."

"बाई, दगडाला हात लावायचा नसतो."

"माझ्या नशिबाला हात लावला तवा कोनी इचारलं व्हतं का? हा ल्हाना हाय. धरा तिकून."

तातेरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि पहारेला हात घातला. दगड कुरकुरत एका अंगावर कलला. खालच्या काळ्या मातीत पांढरं काहीतरी चेपून बसलं होतं. त्यांनी वाकून ते ओढलं. प्लॅस्टिकच्या गोणीचा वीतभर तुकडा होता, आणि त्यावर निळ्या अक्षरात अर्धा शब्द शिल्लक होता. 'युरि.'

२

"चार वरसं झाली, मी हेच सांगून राह्यले," गोजरबाई म्हणाली. दोघं तिच्या झोपडीच्या सावलीत बसले होते. "लोक म्हनतेत, हिरीपायी बाई येडी झाली. पोरं खडे मारतेत. 'गोजरबाईचं थडगं चालत आलं' म्हून गानं करून म्हनतेत."

"तुम्हाला ते पहिल्यांदा कधी दिसलं?"

"येक्याण्णवच्या मिरगाला. त्याच्या आंदी सात मह्यने मी जालन्याला दवाखान्यात व्हते, मालकापाशी. ते तिथंच गेले. दिवस करून मी गावाला आले, नांगराया रानात गेले, तर हे दगड. मला वाटलं, दुखात मी इसरले आसंन. रान पडीक व्हतं, मनात आलं, जाऊ द्या, राकसाचं काय बी आसंन. हिरीची नोटीस आली तवा डोस्कं ठिकान्यावर आलं."

"कुणावर संशय?"

तिनं दोन नावं घेतली. एक तिचा दीर शिवाजी. त्याला तिचं रान हवं होतं आणि गावातला एकुलता एक ट्रॅक्टर त्याचा होता. दुसरे रामराव. वरच्या अंगाला बांधाला बांध लागून त्यांचं रान होतं. तिथं आता खडी फोडायचं मशीन बसलं होतं.

शिवाजी ट्रॅक्टरच्या चाकाखाली उताणा पडून नटबोल्ट आवळत होता. तो बाहेर आलाच नाही.

"भावजयीचं रान मला पायजे, हे खरं हाय," तो आतूनच म्हणाला. "लपवीत न्हाई मी. पर तिच्या रानात सरकारी धोंडा आला तर मला त्याचा काय फायदा? ते रान मंग माझ्या बी कामाचं राह्यलं न्हाई ना! आन् ट्रॅक्टर म्या त्र्याण्णवला घेतला. कागद घरात हाय, बघून घ्या."

बोलणं खडबडीत होतं, पण पटण्यासारखं होतं. रान गिळायचं असणारा माणूस त्या रानाला असा शाप कशाला लावून घेईल?

रामराव मात्र ओसरीत उभे राहून वाटच पाहत होते. पांढरंशुभ्र धोतर, हसरा चेहरा. दहा वर्षं सरपंच राहिलेला माणूस. त्यांनी चहा मागवला, पंखा तातेरावांच्या बाजूला वळवला.

"जंजाळसायेब, बाईचं मला वाईट वाटतं बगा. मालक गेला, डोक्यावर परिनाम झाला. पर कायदा म्हंजे कायदा. माझं बी रान हाय, मी बी नियम पाळून शंभर मीटर सोडूनच मशीन लावलं."

"तेरावं वर्तुळ तुमच्या रानात होतं, रामराव."

रामरावांचं हसू तसंच राहिलं. "आसं कोन म्हनतं?"

"मी म्हणतो. मीच मोजलं होतं."

"त्याला तेरा वरसं झाली, सायेब. मानूस इसरतो." ते आत गेले आणि एक गुंडाळी घेऊन आले. "मानूस इसरतो, नकाशा इसरत न्हाई. ही तुमच्याच खात्याची नक्कल हाय. बगा, काय म्हनतो नकाशा?"

तातेरावांनी गुंडाळी उलगडली. तेरावं वर्तुळ गोजरबाईच्या गटात होतं, ठळक आणि रेखीव. खाली उजव्या कोपऱ्यात आरेखकाची सही होती.

ती सही त्यांची स्वतःची होती.

३

सही खोटी असती तर बरं झालं असतं. तातेरावांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं. 'ज'चा तो शेपूट वर उडवलेला फराटा, त्याखालचे दोन ठिपके. जगात दुसरं कुणी असे ठिपके देत नव्हतं.

नकाशा मात्र त्यांच्या हातचा नव्हता. अक्षरं उभट, टोकदार होती. ते अक्षर त्यांनी बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर पाहिलं होतं. काकासाहेबांचं.

मग हळूहळू सगळं आठवत गेलं. एक्याण्णवचा पावसाळा. दुपारची सुट्टी. तातेराव डबा उघडत होते आणि काकासाहेब एक ट्रेसिंग पुढं सरकवत होते. "मुठाळखेडचा नकाशा फाटायला झालाय, तातेराव. मी साफ नक्कल करून ठेवलीय, मंत्रालयात पाठवायचीय. सही करा, आज टपाल जातंय." तातेरावांनी डब्याचं झाकण बाजूला सारलं आणि सही केली. नकाशाकडं पाहिलंही नाही. लोणच्याचा एक तेलकट डाग कागदावर पडला होता आणि काकासाहेबांनी तो हसत हसत पुसला होता, एवढं मात्र लख्ख आठवत होतं.

"काकासाहेब तुमचे कोण?" त्यांनी विचारलं.

"साडू," रामराव म्हणाले. त्यांनी काही लपवलं नाही, लपवायची गरजही नव्हती. "रिटायर झाले. भोकरदनला घर बांधलंय त्यांनी. मूळ नकाशा पायजे आसंन तर इचारा त्यानला. पर मला वाटतं, तो वाळवीनं खाल्ला."

तातेरावांचं फील्डबुक, म्हणजे मोजणीची टिपणवही, मूळ नकाशाच्याच फायलीत होती. तीही वाळवीनं खाल्ली असणार. आता रामरावांच्या रानात कधीकाळी थडगं होतं, याला जगात एकच पुरावा उरला होता. तातेरावांची आठवण. आणि तिच्या विरुद्ध तातेरावांचीच सही.

ओसरीवरून उतरताना रामराव मागून म्हणाले, "तुमची चार वरसं राह्यली ना हो नोकरीची? सांभाळून ऱ्हावा."

तातेराव सरळ वरच्या रानाकडं गेले. तिथं आता तीस फूट खोल खाण होती, तळाशी हिरवं पाणी साचलं होतं. खाणीच्या काठावर उभं राहिल्यावर दूरवर पूर्णेचं पात्र दिसलं. जागा हीच होती. पण जागाच उरली नव्हती.

नकाशा कुणी बदलला ते कळलं होतं. का बदलला तेही कळलं होतं. संरक्षणाच्या प्रस्तावात तेरा वर्तुळं होती. बारा भरली असती तर चौकशी लागली असती. कळत नव्हतं ते एवढंच, की मशीन असलेल्या माणसानं एकोणीस धोंडे फोडून खडी करायची सोडून ते दुसऱ्याच्या रानात नेऊन, एकेक उभे करून, नीट गोल का मांडावेत? हे रामरावांचं काम वाटत नव्हतं. रामराव चार धोंडे फेकून मोकळे झाले असते.

हे कुणीतरी मायेनं केलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेरावांनी गोजरबाईकडून घागर मागून घेतली.

त्र्याऐंशी साली त्यांनी प्रत्येक दगडाच्या पायाशी तेलरंगानं नंबर घातले होते. उन्हापावसानं रंग उडाला होता, पण दगड ओला केला की फिकट आकडा वर येत असे. त्यांनी आधी बारा नंबरच्या वर्तुळावर पाणी टाकलं. उत्तरेच्या दगडावर एक, मग पूर्वेकडं दोन, तीन, चार. घड्याळाच्या काट्याप्रमाणं. त्यांची रीतच ती होती. अकरा नंबरलाही तसंच.

मग ते खाली उतरले. तेराव्या वर्तुळाच्या उत्तरेच्या दगडावर पाणी टाकलं. एक. बरोबर उत्तरेलाच. ज्यानं मांडलं त्याला उत्तर कुठली हे माहीत होतं. त्याला लागून पूर्वेकडच्या दगडावर टाकलं.

एकोणीस.

ते एकच्या पश्चिमेकडच्या दगडाशी गेले. तिथं दोन होता. त्याच्या पुढं तीन. पुढं चार. सगळं वर्तुळ क्रमानं मांडलेलं होतं, एक दगड चुकला नव्हता, पण उलट्या दिशेनं.

तातेराव वर्तुळाच्या मधे जाऊन उभे राहिले आणि उत्तरेला तोंड केलं. ते स्वतः असे उभे राहिले असते तर डावीकडून उजवीकडं मांडत गेले असते, जसं आपण लिहितो. ज्यानं हे मांडलं, तो इथंच उभा होता. आणि त्यानं उजवीकडून डावीकडं मांडलं होतं.

त्यांनी बाकीचंही तपासून घेतलं. खऱ्या वर्तुळांचे दगड हातभर जमिनीत रुतलेले होते. जमिनीच्या वर त्यांच्यावर दगडफुलाचे करडे ठिपके, आणि मातीखाली चुनखडीचा पांढरा पापुद्रा. इथं सात दगडांवर चुनखडी आकाशाकडं होती. खऱ्या वर्तुळात लोखंडी सळई वीतभर गेली की आतल्या कपच्यांवर खणकन वाजायची; इथं ती मूठ टेकेपर्यंत मऊ मातीत गेली. आत कुणी पुरलेलं नव्हतं. नुसती नांगरलेली जमीन होती.

बदरोद्दीनची झोपडी माळाच्या टोकाला होती. तो बाजेवर बसून हजेरीची वही भरत होता. त्याची बायको कमरबी चुलीपाशी होती. तातेराव बाजेवर बसले आणि वहीकडं पाहत राहिले. बदरोद्दीनचा हात पानाच्या उजव्या कडेपासून निघाला आणि संथपणे डावीकडं सरकत गेला. बारा वर्षं तो हजेरी उर्दूत भरत होता आणि कचेरीत कुणी ती वाचत नव्हतं.

"बदरोद्दीनभाई," तातेराव म्हणाले, "तेराव्या खळ्याचे नंबर उलटे लागलेत."

लेखणी थांबली.

"उलटे?" बदरोद्दीननं विचारलं. त्याच्या आवाजात भीती नव्हती, नुसतं दुःख होतं. "म्या तर बराबर लावल्ते. येक येक नंबर धुऊन, बघून लावल्ता."

"कसं केलं?"

कमरबीच बोलली. "बैलजोडी मागून आनली मामूची. लाकडाचे वंडके खाली टाकायचे आन् सब्बलीनं ढकलायचं. अकरा दिवस लागले. माझा हा हात तवापासून वर व्हत न्हाई."

मग बदरोद्दीननं सांगितलं. एक्याण्णवच्या उन्हाळ्यात तो मेव्हणीच्या लग्नाला हसनाबादला गेला होता. चार दिवसांनी परत आला तर रामरावांच्या रानातलं खळं गेलेलं. मशीननं आतली माती उपसून टाकली होती. हाडं, खापरं, सगळं ओढ्यात. दगड एका बाजूला ढीग करून ठेवले होते. रामराव म्हणाले, परवा फोडून पायाभरनीत घालनार हाय.

"म्या पाय धरले, सायेब. म्हनलं, दगड तरी मला द्या. ते हसले. म्हनले, घेऊन जा, पर माझ्या रानात ठिवू नको. मंग कुठं नेऊ? माळावर खडक, रोवता येईना. खाली बाईचं रान पडीक व्हतं, ती दवाखान्यात. म्हनलं, हितं राह्यतील बिचारे. उगं फुटून जायचे त्यापरीस उभे तरी राह्यतील."

"आणि खात्याला का नाही कळवलं?"

"कळवलं ना! दोन अर्ज केले. उर्दूत." तो हसला. ते हसणं पाहवत नव्हतं. "मंग नवा नकाशा आला. रामराव म्हनले, आता तोंड उघडशील तर दगड कोनी हलवले ते बी सांगंन. जेलात जाशील. गप बसलो."

"गोजरबाईला गाव वेडी म्हणतं, बदरोद्दीनभाई. पोरं खडे मारतात."

"मालूम हाय." त्यानं वही मिटली. "रोज दुपारी तिच्याच माठातलं पानी पितो मी. रोज ती मला इचारते, 'बदरूभाऊ, तू तर हितंच असतो, तू तरी सांग, हे आंदी व्हतं का?' रोज मी म्हनतो, व्हतं."

कमरबीनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं. भाकरी अर्धी कच्चीच राहिली.

५

तातेरावांना तीन रस्ते दिसत होते आणि तिन्ही वाईट होते. गप्प बसावं तर गोजरबाई जन्मभर वेडी ठरणार. अर्धंच लिहावं, फक्त रामरावांवर, तर पुरावा काही नाही. सगळं लिहावं तर बदरोद्दीनची नोकरी जाणार आणि आपली सही उघडी पडणार.

त्यांनी बदरोद्दीनलाच विचारलं.

"लिवा," तो म्हणाला. "मी थकलो आता."

तातेरावांनी नऊ पानांचा अहवाल लिहिला. युरियाची गोणी, उलटे नंबर, चुनखडी, सळई. काकासाहेबांचं अक्षर. आणि शेवटी, 'सदर नकाशावर मी न पाहता सही केली, हा माझा अपराध आहे.' इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं स्वच्छ अक्षर त्यांनी कधी काढलं नव्हतं.

साहेबांनी अहवाल वाचून टेबलावर ठेवला. "जंजाळ, हे तुम्ही कशाला लिहिलंत?"

"खरं आहे म्हणून."

"खरं आहे ते दिसतंय," साहेब म्हणाले. "मी विचारलं, कशाला लिहिलंत?"

पुढं सगळं भराभर झालं. गोजरबाईच्या रानावरची बंदी उठली. बदरोद्दीनला काढून टाकलं. दगड हलवल्याचा गुन्हाही लागला असता, तेवढा साहेबांनी टाळला. तातेरावांच्या दोन वेतनवाढी थांबल्या आणि त्यांना नकाशांच्या कामावरून काढून आवक-जावक बारनिशीवर बसवलं. काकासाहेबांचं काही झालं नाही, ते निवृत्त होते. रामरावांचंही काही झालं नाही. त्यांच्या रानात थडगं होतं हे सिद्ध करायला तिथं रान उरलं नव्हतं.

इथवर तातेरावांनी सोसलं. पण खरा घाव सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात बसला.

रामरावांनी खडीसाठी उरलेल्या माळाचं संरक्षणच रद्द करा म्हणून दावा लावला. त्यांच्या वकिलानं साक्षीदार म्हणून तातेरावांनाच बोलावलं. वकिलाच्या हातात तातेरावांचाच नऊ पानांचा अहवाल होता.

"दोन माणसं आणि एक बैलजोडी अकरा दिवसांत असं वर्तुळ बनवू शकतात, हे आपण लिहिलंय?"

"हो. पण ते खोटं वर्तुळ..."

"खात्याचा सहीचा नकाशा खोटा निघाला, हेही आपणच लिहिलंय?"

"हो."

"मूळ नकाशा, टिपणवही आज उपलब्ध आहे?"

"नाही."

"मग तेरातलं एक खोटं असेल, तर बाकीची बारा खरी कशावरून?"

तातेराव बोलायला लागले. कपच्यांबद्दल, चुनखडीबद्दल, चार नंबरमधल्या त्या पोराच्या कड्याबद्दल. ते पुष्कळ बोलले. वकील मान डोलवत होता, जसं म्हाताऱ्या नातेवाइकाचं ऐकून घेताना डोलवतात. चार नंबरचा अहवाल मागवला, तर तो त्याच वाळवी लागलेल्या फायलीत होता.

तात्पुरती स्थगिती मिळाली. संरक्षणाला. सहा आठवड्यांची. खात्यानं वरच्या कोर्टात जायचं ठरवलं, कागद वर गेला, सहीसाठी थांबला. रामरावांनी दोन मशीनं लावली. त्यांना सहा आठवडेही लागले नाहीत. सतरा दिवस पुरले.

दोन हजार एक साली, निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, तातेराव मुठाळखेडला गेले. जाऊ नये असं बायको म्हणाली होती.

गोजरबाईची विहीर बांधून झाली होती. कडेला मोसंबीची चाळीस झाडं होती, पानांवर मशीनची पांढरी धूळ. तिनं त्यांना बाज टाकून दिली, पाणी दिलं, मोसंबी कापून दिली. "तुमी देवमानूस, दादा," ती म्हणाली. "आता कोनी येडी म्हनत न्हाई." तातेरावांनी मोसंबीची फोड तशीच हातात धरली. तिचं पाप तर काहीच नव्हतं. विहीर तिच्या हक्काची होती.

बदरोद्दीन खाणीच्या फाटकाशी स्टुलावर बसला होता. खाकी सदरा तसाच, फक्त खिशावर रामरावांच्या मशीनचं नाव शिवलेलं. त्यानं उठून सलाम ठोकला.

"इथं?" तातेराव म्हणाले.

"दुसरं काम येत न्हाई, सायेब. राखायचंच येतं."

दोघं पुढ्यातल्या खड्ड्याकडं पाहत उभे राहिले. माळ नव्हताच. आकाश खाली आल्यासारखं वाटत होतं.

"मी ते लिहायला नको होतं का, बदरोद्दीनभाई?"

"न्हाई लिवलं आसतं तर बाई मेली आसती." तो थांबला. "पर मी ते दगड हलवायलाच नको व्हते. फुटू द्यायचे. तेरातलं येक गेलं आसतं. बारा राह्यले आसते." मग हळू आवाजात म्हणाला, "म्या जीव लावला, तिथंच घोटाळा झाला."

तातेरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघाले.

परतीची एसटी नव्या रस्त्यानं निघाली. रस्ता काळाभोर आणि गुळगुळीत होता, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती. शेजारचा पागोटेवाला म्हातारा खुशीत होता.

"पह्यले जालन्याला जायला तीन घंटे लागायचे. हाडं खिळखिळी व्हायची. आता बगा, पोटातलं पानी हालत न्हाई. सगळी खडी आपल्या मुठाळखेडची!"

"हो," तातेराव म्हणाले.

त्यांनी खाली वाकून पायातल्या चपला काढल्या, आसनाखाली सारल्या, आणि जालना येईपर्यंत पाय वर घेऊन मांडी घालून बसून राहिले.